थोरल्याच्या आधी

वाइसाकेला जाऊन शंभर दिवस झाले, तसं त्याच्या बायकोच्या अंगावरचं दुखवट्याचं काळं उतरवायला सगळं घराणं नाइवुदी गावात जमलं. तो गेला तेव्हा कुणाला येता आलं नव्हतं. ऑगस्टात राजधानीच्या, सुव्याच्या इस्पितळातून पेटी परस्पर मातीत गेली. मोजकी वीस माणसं, तीही अंतर राखून उभी, आणि झाकण शेवटपर्यंत कुणी उघडलं नाही. म्हणून आज लोक तेव्हाचं आणि आत्ताचं असं दोन्ही वेळचं रडून घेत होते. रेवा नदीच्या काठाला होडी लागली की चटयांच्या गुंडाळ्या, दालोच्या कंदांचे भारे, पाय बांधलेलं डुक्कर असं काही ना काही उतरायचं आणि बायकांचा हंबरडा उठायचा.

दहाच्या सुमाराला लागलेल्या होडीला मात्र कुणी रडलं नाही. तिच्यातून बर्फाचा निळा डबा घेऊन एक तरुण नर्स आणि एक कारकून उतरले. शाळेच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं आणि निरोप पाठवला. चार वाजेपर्यंत आहोत, ही या बाजूची शेवटची फेरी, ज्यांची लस राहिलीय त्यांनी यावं.

राहिलेले कोण, हे कुणी विचारलं नाही. देशभर लोक दोन-दोन डोस घेऊन मोकळे झाले होते. नोकरदारांना तर घेतल्यावाचून गत्यंतरच नव्हतं. नाइवुदीतलं हे एक घराणं तेवढं हटून बसलं होतं. स्वतःच्या जमिनीत दालो लावणाऱ्याला कोण कामावरून काढणार? सत्तावीस मोठी माणसं, आणि सगळी वाइसाकेच्या थोरल्या भावाच्या, एकट्या पेनायाच्या पाठीमागे. पहिल्या तारखेपासून परदेशची विमानं पुन्हा यायची होती. त्यांच्याबरोबर तो आजार पुन्हा येणार याबद्दल पेनायाच्या बहिणीच्या, सुव्याच्या इस्पितळात नर्स असलेल्या तोरिकाच्या मनात शंका नव्हती. पेनायाला पंधरा वर्षांपासून साखर, पायाची जखम सहा महिने भरत नव्हती. असा माणूस लस न घेता तिच्या वॉर्डात आला तर त्याचं काय होतं, ते तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. तिचे भाऊ दोन. एक गेला. दुसरा राहावा, एवढंच तिला हवं होतं.

लस घेऊन आलेल्या या होडीवाल्यांना आजचा दिवस तिनेच सुचवला होता. सगळे एका जागी सापडतील, म्हणून. हे तिने नवऱ्याखेरीज कुणालाही सांगितलं नव्हतं, आणि नवरा नौसोरीला बस चालवत असल्यामुळे त्याच्या तोंडून फुटायची भीती नव्हती.

स्वयंपाकाच्या झोपडीत बायका दालो सोलत बसल्या होत्या. तोरिकाची लेक लोसालिनी खोबरं किसत होती. एक्क्याऐंशी वर्षांची उनाइसी, या सगळ्यांची आई, दाराशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला नावं ठेवत होती.

"होडीवाल्यांना चहा दिला का?" वाइसाकेच्या बायकोने, केलेराने विचारलं.

"दिला. बिस्किटंही दिली," माकेरेता म्हणाली. ती पेनायाची बायको, घरातली थोरली सून. "दारी आलेल्याला आपण उपाशी ठेवत नाही. पण आजच्याच दिवशी यायला यांना कुणी सांगितलं कोण जाणे."

ती दालोकडे बघत बोलली, पण तीर कुणाला लागायचा त्याला लागला. तोरिका दालो सोलत राहिली.

"वन्सं, एक विचारू?" केलेरा म्हणाली. "लस घेतलेलेही मेले म्हणतात ना? इथे सगळे हेच सांगतात."

"मेले. तीन. तिघांची नावं मला पाठ आहेत. दोघांची मूत्रपिंडं आधीच गेलेली, आणि एक नव्वदीची आजी."

"आणि न घेतलेले?"

"त्यांची नावं सांगत बसले तर दालो सोलून संपेल."

"सांगा ना, आत्या," लोसालिनी किसता किसता म्हणाली. ती आईला मुद्दाम केलेराच्या मुलांसारखी हाक मारून चिडवायची. "नावं नको. आकडा सांगा."

तोरिकाने सुरी खाली ठेवली. "दहा आठवड्यांत माझ्या वॉर्डात दोन्ही डोस घेतलेले एकतीस जण आले. अठ्ठावीस चालत घरी गेले. एकही डोस न घेतलेले शहाण्णव आले. त्यातले एकोणतीस दगावले."

केलेराने सोललेला दालो पाटीत टाकला. मग म्हणाली, "त्या एकोणतिसात हे."

"हो."

"आणि त्या अठ्ठाविसात मी," उनाइसी दारातून म्हणाली. "बोला की. माझ्यासमोर बोलायला कसली लाज? एकाच दिवशी, एकाच होडीत आम्ही दोघं गेलो. तो मला उचलून होडीत ठेवणारा. तालुक्याच्या रग्बी संघातला गडी, दोन खांद्यांवर दोन पोती न्यायचा. अकराव्या दिवशी मी परत आले. तो आला नाही. लोक मला म्हणतात, देवाने तुला ठेवलं. मी म्हणते, देवाला एवढं उलटं कसं मोजता येईल?"

"आई, पुरे," माकेरेता म्हणाली. "यांच्या कानावर जाईल."

"जाऊ दे. कान त्यासाठीच असतात. मेमध्ये डोळ्याच्या ऑपरेशनला या तोरिकाकडे होते, तिथे घेतल्या दोन्ही सुया. माझ्यापुढे रांगेत कुणी मोठं उरलंच नाही, मग मी कुणासाठी थांबायचं?"

म्हातारी हे सहज बोलून गेली.

या घरात धाकट्याने थोरल्याच्या आधी काही उचलायचं नसतं. यंगोनाच्या मुळांचं पेय निघालं की पहिला पेला पेनायाचा, मग वाइसाकेचा. नवं शेत, नवी होडी, नवं छप्पर, सगळं याच क्रमाने. आणि दुसरा नियम तोरिकाच्या वाट्याचा. भावंडं वयात आली की भावाने बहिणीशी आणि बहिणीने भावाशी बोलायचं नाही, नावाने हाक मारायची नाही, समोर आलं तर वाट सोडायची. सुव्यात आता बहीणभाऊ फोनवर तासन् तास गप्पा मारतात. पण पेनाया घराण्याचा प्रमुख, शिवाय रविवारी चर्चमध्ये प्रवचन करणारा. त्याने मोडलं तर राखायचं कुणी? बारा वर्षांची झाल्यापासून तोरिका त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. चाळीस वर्षं. वाइसाकेला तिने कडेवर वाढवलं, त्याच्या नाकातला शेंबूड पुसला, आणि तो बारा वर्षांचा झाला तशी त्याच्याशीही बोलणं संपलं. निरोप जायचे ते माकेरेताच्या हातून. माकेरेता म्हणजे या घराची टपालपेटी.

जूनमध्ये तोरिकाने तिला फोन केला होता. दोघांनाही सांग, जुलैच्या आत लस घ्या, इथलं लक्षण बरं नाही. आठवड्याने उत्तर आलं, "बघू म्हणतात." दोन महिन्यांनी वाइसाके तिच्याच वॉर्डात आला. नियम तिथेही होता. त्याचं ऑक्सिजनचं नळकांडं ती बदलायची, पण बोलायची ती प्रनीता नावाच्या सोबतच्या नर्सकडे बघून, "त्याला म्हणावं, पालथा झोप." सातव्या दिवशी त्याने तोंडावरचा मुखवटा बाजूला केला आणि प्रनीताला म्हणाला, "ताईला विचारा, दादांनी लस घेतली का? घेतली असेल तर आता मलाही द्या."

ती दोन पावलांवर उभी होती. तिने ऐकलं आणि प्रनीताला म्हणाली, "त्याला म्हणावं, पालथा झोप."

दोन दिवसांनी तो गेला. ते वाक्य शंभर दिवस तोरिकाच्या जिवाला डाचत होतं. सांगावं तर दादा मोडून पडेल. न सांगावं तर सत्तावीस माणसं त्याच्या मागे अशीच उभी राहतील. आपलेच दात, आपलेच ओठ. चावायचं कुणाला?

जेवणं झाल्यावर सगळे मोठ्या घरात बसले. वरच्या बाजूला पेनाया, त्याच्याजवळ चुलतभाऊ अमिनियासी, मग वयाप्रमाणे पुरुष. दाराकडच्या खालच्या बाजूला बायका. प्रार्थना झाली, केलेराच्या अंगावरच्या काळ्या कपड्याची कड कापली, बायकांनी तिला लाल फुलांचा झगा घातला आणि ती त्यात अवघडून बसली. शंभर दिवस काळ्यात राहून तिला रंग परका झाला होता. यंगोनाचं लाकडी भांडं मध्ये आलं, टाळ्या वाजल्या, पेनायाने पहिला पेला रिकामा केला.

"दिलं देवाने, नेलं देवाने," तो म्हणाला. आवाज खणखणीत होता, पण वाइसाकेचं नाव घेताना अडखळला. "माझा भाऊ माझ्या एका शब्दाखातर नदीत उडी घ्यायचा. असा भाऊ मला पुन्हा मिळायचा नाही. आता ज्याने त्याने आपलं घर सांभाळावं आणि देवावर हवाला ठेवावा."

"हवाला ठेव," उनाइसी म्हणाली, "पण देवाने शाळेत माणसं पाठवलीत, त्यांना का परत लावतोस?"

"आई, आज नको."

"आज नाही तर केव्हा? चारला होडी जाणार."

मग बायकांच्या बाजूने लोसालिनी पुढे आली. वाकून, सगळ्यांच्या डोक्यांखालून, शेवटची चार पावलं गुडघ्यांवर. पेनायासमोर बसून तिने हाताची पोकळ ओंजळ करून तीनदा टाळी वाजवली.

"मामा, मी तुमची वासू आहे."

बहिणीचं लेकरू म्हणजे वासू. मामाच्या घरातलं काहीही त्याने मागावं आणि मामाने ते हसत द्यावं. वासूला नाही म्हणणाऱ्याला गावात तोंड दाखवायला जागा राहत नाही. पेनायाच्या चेहऱ्यावर त्या दिवसातलं पहिलं हसू आलं.

"आहेस की! नाही म्हणायची कुणाची टाप आहे? बहिणीची पोरं म्हणजे आमच्यावर घातलेला दरोडा. मी स्वतः माझ्या मामांचा घोडा ओढून आणलाय. बोल, कुठलं डुक्कर?"

"डुक्कर नको."

"चटया ने गं," अमिनियासी म्हणाला. "लग्नाला होतील. नवरा तेवढा मिळवायचा राहिलाय." पुरुष हसले.

"चटयाही नकोत. मामा, मला तुमचा डावा हात हवा."

हसणं थांबलं.

"सगळा नको," ती म्हणाली. "खांद्याखालचा, चार बोटांइतका. तोही एका मिनिटापुरता. मग लगेच परत देते."

पेनायाला कळायला वेळ लागला नाही. त्याच्या मानेची शीर फुगली. त्याने नजर वर केली आणि दाराकडे, तोरिकाच्या डोक्याच्या वरच्या कुडाकडे रोखून पाहिलं. चाळीस वर्षांत त्याची नजर तिच्या याहून जवळ कधी आली नव्हती.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"कुणी नाही. एकोणीस वर्षांची आहे मी. मला माझं सुचतं."

खरंच कुणी शिकवलं नव्हतं. तोरिकाचे कान तापले होते. लेकीचं कौतुक वाटत होतं आणि तिला मागे ओढून घ्यावं असंही वाटत होतं.

"ऐक," पेनाया म्हणाला. "गोठ्यातलं माग, शेतातलं माग. होडी ने. हे अंग माझं नाही, देवाचं आहे. त्याच्यावर वासूचा हक्क चालत नाही."

"वासूला नाही म्हणणारा या घराण्यातला तू पहिला," उनाइसी म्हणाली.

"मी नाही म्हणत नाहीये, आई."

"दादा, नियम म्हणजे नियम," अमिनियासी हळूच म्हणाला. सकाळपर्यंत तोच होडीवाल्यांची टवाळी करत होता. "पोरीने अंग कुठे मागितलंय? चार बोटंच मागितलीत."

"तूसुद्धा? सुई काय करते ते मी या दोन हातांत पाहिलंय!" पेनायाने हात पुढे केले. "माझी लितिया. आठ महिन्यांची. ताप होता. दुपारी सुई दिली, सकाळी गेली. तेव्हा होतात का तुम्ही कुणी?"

थोरले सगळे होते. सगळ्यांना ठाऊक होतं. तिला मेंदूज्वर झाला होता, सुई दिली नसती तरी ती वाचली नसती, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण बापाच्या हातात लेकरू गेलं असेल तर डॉक्टरचं सांगणं कुठवर पुरणार? तोरिका तेव्हा नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला होती. त्या दिवसापासून पेनायाने तिच्या पांढऱ्या कपड्यांना कधी माफ केलं नाही, हे ती जाणून होती, आणि त्याबद्दल तिला त्याचा राग येत नव्हता.

"मला घ्यायचीय," केलेरा एकाएकी म्हणाली. सगळे तिच्याकडे वळले. तिने नव्या झग्याची कड मुठीत धरली. "माझी दोन पोरं आहेत. बाप गेला त्यांचा, आता मला जाऊन चालायचं नाही. पण तुमच्या आधी मी कशी जाऊ? तुम्ही बसलेले असताना?"

"जा की!" पेनाया उसळला. "मी कुणाला अडवलंय? कधी अडवलं? एकाला तरी म्हटलं का, घेऊ नकोस म्हणून? मी माझ्यापुरतं ठरवलं. वाइसाके शेहेचाळीस वर्षांचा बाप्या होता. त्याचं त्याने ठरवलं. त्याचं पाप माझ्या माथी मारू नका."

"त्यांनी नाही ठरवलं."

हे माकेरेता बोलली. ती यंगोनाच्या भांड्यापलीकडे बसली होती. नवरा बोलत असताना मध्ये बोलायची तिची पद्धत नव्हती, म्हणून आधी कुणाला कळलंच नाही आवाज कुणाचा तो.

"जूनमध्ये वन्संचा निरोप आला होता, दोघांसाठी. तुम्हाला मी तो दिला नाही. लितियाच्या वेळी तुम्ही सहा महिने कुणाशी बोलला नव्हतात. मला भीती वाटली. म्हटलं, उद्या सांगू, परवा सांगू. भाऊजींना मात्र सांगितला. नळापाशी. ते म्हणाले, 'वहिनी, आधी दादांना सांगा. ते गेले की मी मागोमाग जातो.' दर दोन दिवसांनी विचारायचे हो, सांगितलंत का म्हणून. आणि वन्संना मी कळवलं, बघू म्हणतात." तिने पदराचं टोक तोंडात कोंबावं तसं हाताने तोंड दाबलं. "कुणीच म्हणालं नव्हतं, बघू. मीच म्हणाले होते."

तोरिका तिच्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं निरोप पोचतात असं धरून ती चालली होती. राग यायला हवा होता. पण माकेरेता कशी रडत होती ते दिसत होतं.

पेनाया मात्र मागे हटला नाही. माणसाला पाठ टेकायला भिंत लागते. त्याने जी सापडली ती धरली.

"खोटं आहे," तो म्हणाला. "त्याला घ्यायची असती तर तो गेला असता. माझ्यासाठी कशाला थांबेल? ही तुझ्या मनाची कथा आहे, माकेरेता. मेलेल्याच्या तोंडी घालू नकोस."

"खोटं नाही, दादा."

तोरिका आपलाच आवाज ऐकून दचकली. अमिनियासीने मान खाली घातली. पेनाया तसाच बसून राहिला, कुडाकडे बघत.

"मी त्याच्याजवळ होते," ती म्हणाली. एकदा बोलल्यावर मागे जाता येत नव्हतं. "सातव्या दिवशी त्याने मुखवटा काढून विचारलं, दादांनी लस घेतली का. घेतली असेल तर मलाही द्या म्हणाला. ताईला विचारा म्हणाला. दुसरीच्या तोंडून. मी दोन पावलांवर होते, दादा. मी उत्तर दिलं नाही. तेव्हा लस देऊन काही व्हायचं नव्हतं, पण मला त्याच्याशी बोलता आलं असतं. बाळा म्हणता आलं असतं. मी नियम पाळला. वहिनीने तुमचा धाक पाळला. त्याने तुमचा मान पाळला. आम्ही सगळ्यांनी सगळं नीट पाळलं."

तिला रडू आवरेना, आणि तिने ते आवरलंही नाही. लोसालिनी तिच्याकडे यायला वळली, पण उनाइसीने हाताने तिला थांबवलं.

बाहेर कुणाचं तरी डुक्कर ओरडत होतं. बऱ्याच वेळाने त्याने मान वळवली आणि बहिणीकडे पाहिलं. कुडाकडे नाही, तिच्या चेहऱ्याकडे. बारा वर्षांची पाहिलेली बहीण आता बावन्नची होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, केसांत पांढरं.

"त्याला फार त्रास झाला का गं?" त्याने विचारलं.

तीस वर्षांच्या नोकरीत या प्रश्नाचं उत्तर तिने शेकडो नातेवाइकांना दिलं होतं, आणि बहुतेक वेळा ते मऊ करून दिलं होतं.

"झाला," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग दोन्ही तळवे चटईवर टेकून तो उठायला लागला. पायाच्या जखमेमुळे त्याला एका दमात उठता येत नसे. अमिनियासी आधाराला पुढे झाला, त्याचा हात त्याने बाजूला केला. उभा राहिला, डाव्या बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सारली. दंड पांढुरका आणि सैल पडला होता. तोरिकाला तो झाडावर चढणाऱ्या दादाचा दंड म्हणून आठवत होता.

"चल लोसालिनी," तो म्हणाला. "तुझं जे आहे ते घेऊन जा."

शाळेच्या खोलीतल्या टेबलावर कारकुनाने आवराआवर सुरू केली होती. तरुण नर्सने त्यांना येताना पाहिलं आणि घाईघाईने डबा पुन्हा उघडला. पेनाया बाकावर बसला. त्याने डोळे मिटले नाहीत. सुई जाताना तो तोरिकाकडे बघत होता, आणि ती त्याच्याकडे. लोसालिनीने मामाचा हात दोन्ही हातांत धरला होता, आपल्या मालकीची वस्तू धरावी तसा.

"झालं," नर्स म्हणाली. "इकडे पंधरा मिनिटं बसा, बाबा. पुढचे या."

दारात रांग लागली होती. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. वयाप्रमाणे सगळे आपोआप उभे राहिले होते, आधी पुरुष, मग बायका, केलेरा तिच्या लाल झग्यात, माकेरेता सुजलेल्या डोळ्यांनी. सगळ्यांत पुढे अमिनियासी. पण तो उंबरठ्याला लागून नव्हता. त्याच्यापुढे एका माणसाची जागा रिकामी होती.

"अहो, पुढे या ना," नर्स म्हणाली. "जागा का सोडलीत मध्ये? चार वाजत आलेत."

अमिनियासी हलला नाही. त्याच्या मागेही कुणी हललं नाही. पोरीने गोंधळून तोरिकाकडे पाहिलं. एक नर्स दुसरीकडे बघते तसं.

"माझा धाकटा भाऊ आहे तिथे," तोरिका म्हणाली. "त्याच्या सुईला लागतो तेवढा वेळ जाऊ दे. मग पुढच्याला बोलाव."

पोरीने एकदा भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. मग हातातला कापूस टेबलावर ठेवला आणि ती थांबली.